वावरातील एक रात्र

दिवाळीच्या सुटीत पुण्याला मुलाकडे गेलो असता नातवाच्या हट्टाखातर एका धरणाच्या काठी तंबूत एक रात्र काढण्याचा प्रसंग आला. पैसे आगाऊ भरले होते. जाहिरातीत 'निसर्गाच्या सान्निध्यात निवांत मुक्काम' असे शब्द होते. प्रत्यक्षात तंबूला तंबू लागलेले, एकाच्या दोरीत दुसऱ्याचा पाय, मध्यरात्र उलटेपर्यंत ध्वनिवर्धक आणि शेजारच्या कोळशाच्या शेगडीवर जे काही भाजले जात होते त्याचा धूर थेट आमच्या दाराशी. सातवीत शिकणारा नातू शेवटी म्हणाला, "आजोबा, यापेक्षा आपली गच्ची शांत आहे." उभा जन्म व्याजाचे दर पाहण्यात गेलेल्या माणसाला त्या रात्रीचा दर अजून तोंडपाठ आहे, तो येथे देत नाही.

नाताळच्या सुटीत तो दुसरबीडला येणार होता. त्यापूर्वी आपल्याच परिसरात एखादी निवांत जागा शोधून ठेवावी, असे मी मनाशी ठरविले.

पहिले नाव अर्थातच लोणारचे सुचले. उल्कापाताने झालेले, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर आपल्या शेजारचे, आणि 2020 पासून रामसर यादीतील पाणथळ स्थळ. परंतु ते अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश नाही आणि आग लावण्यास तर स्पष्ट मनाई आहे. ज्ञानगंगा अभयारण्याचेही तेच. शिवाय तेथील एक आठवण आपल्या जिल्ह्याला ठाऊक आहे. 2019 मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ महाराष्ट्र आणि तेलंगणातून सुमारे 3,000 किलोमीटरची पायपीट करून अखेर ज्ञानगंगेत पोहोचला होता. निवांत जागेसाठी ज्याला एवढे चालावे लागले, त्याच्या अंगणात आपण तंबू ठोकावा हे मला पटले नाही.

मग राहिले शिवार. नातवाने पुण्याहूनच उपग्रहाच्या नकाशावर खडकपूर्णेच्या काठची एक जागा हेरून मला पाठविली. दुपारी जाऊन पाहिले, तर खरोखर रम्य. पाणी संथ, पलीकडे बाभळी. मात्र पात्राकडे उतरणाऱ्या वाटेवर जड चाकांच्या ताज्या, खोल चाकोऱ्या होत्या. दिवसा ओस असलेल्या अशा वाटेवर रात्री वाळूची वाहने धावतात, हे नदीकाठच्या माणसास वेगळे सांगावे लागत नाही. त्यातून वरच्या अंगाला देऊळगाव मही येथील धरण. तेथून पाणी सुटले की कोरडे पात्र कोरडे राहत नाही. नदीच्या वा ओढ्याच्या पात्रात मुक्काम करू नये, मग वाळू कितीही मऊ असो.

दुसरी जागा एका उघड्या टेकाडावरची. तेथे मी मुद्दाम सायंकाळी गेलो. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून आपल्याकडील रात्रीचा आवाजच पालटला आहे. हिवाळ्यात सूर्यास्तानंतर जमिनीलगतची हवा लवकर थंड होते आणि वरची उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो. दिवसा जो महामार्ग ऐकूही येत नाही, तो रात्री कानाशी घोंगावतो. म्हणून जागा दिवसा पसंत करावी, पण अंधार पडल्यावर तेथे अर्धा तास बसल्याशिवाय कायम करू नये. रस्ता आणि आपण यांच्यामध्ये एखादी टेकडी आडवी असेल तर उत्तम.

तिसरी जागा नकाशाने नव्हे, माझ्या जुन्या नोकरीने दाखविली. शाखेत असताना पीककर्जाच्या आणि विहिरींच्या पाहणीसाठी मी या भागातील पुष्कळ पाणंद रस्ते पायाखाली घातले होते. रस्ता संपतो, पुढे बैलगाडीची वाट, तीही एका लिंबाच्या झाडापाशी संपते आणि तीन बाजूंनी उंचवटा, असे एक वावर मला आठवत होते. अडचण एवढीच की त्या शेतकऱ्याला विहिरीच्या थकीत कर्जाची वसुलीची नोटीस गेली होती आणि तिच्यावर सही माझी होती. पुढे कर्ज फिटले. पण त्यानंतर मी त्या बांधावर पाऊल ठेवले नव्हते. दोन दिवस मी अन्य जागांचा विचार करीत राहिलो, हे कबूल करतो. तिसऱ्या दिवशी गेलो.

तो तुरीच्या कापणीत होता. हकिगत ऐकून हसला आणि म्हणाला, "साहेब, वावर काही कोणी उचलून नेत नाही. या खुशाल. फकस्त कुटाराजवळ इस्तू पेटवू नका." रानडुकरांच्या भीतीने काही जण कुंपणाच्या तारेत बेकायदा वीज सोडतात आणि त्यात माणसेही दगावली आहेत, त्याचे कुंपण तसे नव्हते. तरी शेजारच्या बांधाकडे अंधारात जाऊ नका, असे त्याने बजावले. ही माहिती कोणत्याही नकाशात नसते. हरभरा घाट्यावर आला की आपले शेतकरी रात्र-रात्र जागलीला जातात. कोणत्या वावरात साप निघतो, कोठे वारा अडतो, हे त्यांनाच विचारावे.

अमावस्येच्या आदल्या दिवशी आम्ही गेलो. घरून आणलेल्या दशम्या सूर्यास्तापूर्वी खाऊन झाल्या, त्यामुळे ना चूल, ना दिवा, ना दिव्याभोवतीचे किडे. पाणी गाळून भरून नेले होते. आठ वाजेपर्यंत मृग नक्षत्र पूर्वेला चांगले वर आले. नातवाने कृत्तिकांतील तारे सहा की सात यावर माझ्याशी वाद घातला. त्याला सात दिसत होते, मला एक धूसर ठिपका. मग आम्ही नुसते बसून राहिलो. टिटवीचा आवाज, दूर एक कोल्हा, एवढेच.

रात्री दोनच्या सुमारास शेतीपंपाची वीज आली. विहिरीवरची मोटर सुरू झाली आणि तो फावडे घेऊन हरभऱ्याला पाणी देण्यास आला. नातू गाढ झोपला होता. मी बाहेर आलो. त्याने चहा विचारला. रात्री घेत नाही म्हटल्यावर "सकाळी घ्या" म्हणाला. दांडातून पाणी पुढे सरकू लागले तसे आम्ही दोघे बांधावर उभे राहिलो.

"साहेब, त्या नोटिशीवरची सही तुमचीच होती ना?"

"होय."

"याच मोटरचं कर्ज ते." त्याने एका सरीचे तोंड मातीने बंद केले आणि दुसरीचे उघडले. "बायकोनं पाटल्या मोडल्या होत्या तवा."

मला यावर बोलता आले नाही. बॅटरी धरू का, एवढेच विचारले. त्याने हो म्हटले आणि पहाटे वीज जाईपर्यंत मी ती धरून त्याच्या मागे सरी-सरीने चालत होतो.

सकाळी त्याची पत्नी चहा आणि हिरवे घाटे घेऊन आली. निघताना नातवाने त्या लिंबाचे छायाचित्र काढले आणि जागेच्या खुणेसह ते सर्वांना पाठवू का, असे विचारले. मी नको म्हटले. "निदान आपल्या कुटुंबाच्या गटावर?" तेथेही नको म्हटले. तो किंचित रुसला. येत्या माघात पुन्हा येण्याचे मात्र त्याने त्या शेतकऱ्याशी परस्पर ठरवून टाकले आहे, आणि त्या वेळी बॅटरी तो धरणार आहे.