गाडीमागचें घर

अमेरिकेंत राहणाऱ्या एका वाचक भगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, येत्या उन्हाळ्यांत मुलांसह यलोस्टोनकडे जाण्यासाठीं यजमान चाकांचें घर विकत घेत आहेत. दारचा पिकप ट्रक दहा हजार रत्तल, म्हणजे तिकडील पौंड, ओढतो असें विक्रेता सांगतो आणि घर तर सर्व सामानासुद्धां सात हजारांचेंच आहे. मग काळजीचें कारण उरलें काय? आमच्या मतें उरलें आहे, आणि तें ओढण्याचें नसून वाहण्याचें आहे.

बैल जितकें ओढतो तितकें पाठीवर घेऊं शकत नाहीं, हें आपल्याकडील शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. मागील घराचा बहुतेक भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो खरा. परंतु शेंकडा १० ते १५ भाग जोडदांड्यावाटे ट्रकच्या पाठीवर उतरतो. ('फिफ्थ व्हील' जातीच्या घराचा तर शेंकडा १५ ते २५.) हा भार शेंकडा दहाच्या खालीं गेल्यास भरधाव वेगांत घर शेपटीसारखें डोलूं लागतें व पुढील गाडीसही रस्त्याबाहेर खेंचतें. म्हणून सामान मागें कोंबून दांडा हलका करण्याची युक्ति घातक होय.

ट्रकच्या चालकाकडील दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी डकविलेली असते. माणसें व सामान मिळून किती वजन चालेल, तो आंकडा तीवर असतो. तोच प्रमाण मानावा. कारण एकाच नांवाच्या दोन ट्रकांत तो निराळा असतो, आणि कारखान्यांतच बसविलेल्या काचेच्या छतासारख्या हौशी त्यांतून आधींच वजा झालेल्या असतात. समजा, तो १५०० आहे. सात हजारांचे शेंकडा १३ म्हणजे ९१०. भार वांटून देणारी लोखंडी जोडणी सुमारें ८०. आईबाप व दोन मुलें ५००. बेरीज १४९०. उरले दहा रत्तल! त्यांत सायकली, बर्फाची पेटी व कुत्रें बसवावयाचें आहे. आणि आमच्या भगिनी तांदूळ, कुकर व लोणच्याची बरणी घरीं ठेवून निघतील, हें आम्हांस तरी संभवनीय वाटत नाहीं.

विक्रीपत्रकांत ठळक छापलेलें 'कोरडें वजन' हिशेबांत मुळींच धरूं नये. त्यांत भांडीं, अंथरुणें, पाणी कांहींच नसतें. चाळीस गॅलन पाणीच ३३० रत्तलांहून अधिक भरतें. घराचें कमाल भरलेलें वजन धरावें. पांच हजारांचें घर घेतल्यास दांड्यावरील भार ६५० वर येतो व अडीचशेंहून अधिक रत्तलांची सवड मिळते. तेवढ्या घरांत चौघांची अडचण होत असेल, तर अधिक भार वाहणारा ट्रकच पाहिला पाहिजे. स्प्रिंगा जाड केल्यानें चिठ्ठीवरील आंकडा वाढत नाहीं.

खरेदीनंतरही, घर पूर्ण भरून व सर्व मंडळी ट्रकमध्यें बसवून, हमरस्त्यावरील मालट्रकांच्या तळावरील वजनकांट्यावर एकदां गाडी न्यावी. तेथें पुढचा आंस, मागचा आंस व घराचे आंस यांचीं वजनें निरनिराळीं मिळतात; तीं दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आंसांच्या मर्यादांशीं ताडून पाहावीं, आणि जास्त भरेल तें सामान यात्रेपूर्वींच उतरवावें.