चिखलदऱ्याला मुक्काम करताना

थंड हवेचे ठिकाण म्हटले की आधी महाबळेश्वर आठवते. पण आम्हा गोरेगावकरांना हिंगोली, वाशीम, अकोला, परतवाडा या वाटेने चिखलदराच जवळ पडतो. सुमारे 1,100 मीटर उंचीवरचे हे गाव, शेजारी गाविलगड, पावसाळ्यात धबधबे. दोन दिवसांच्या सहलीला एवढे पुष्कळ झाले.

खर्चाचा हिशेब मांडला की पहिली कात्री खोलीला लागते. ‘साधी खोली घेऊ, स्टोव्ह सोबत नेऊ,’ असे ठरते. मग सहल सगळ्यांची होते आणि स्वयंपाक मात्र अम्मीच्या वाट्याला येतो. वर्षातून दोन दिवसही तिला विश्रांती मिळणार नसेल, तर एवढ्या लांब जायचे कशाला? म्हणून आम्ही म्हणतो, काटकसर प्रवासात करा. एसटीत महिलांना निम्मे तिकीट आहे, 75 वर्षांवरील बुजुर्गांना प्रवास मोफत आहे. वाचलेले पैसे मध्यम दराच्या, जेवणाची सोय असलेल्या हॉटेलासाठी ठेवा.

आगाऊ रक्कम पाठवण्यापूर्वी फोनवर नीट विचारून घ्या. अब्बांचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावर खोली मिळेल का? गरम पाणी दिवसभर असते की ठरावीक वेळीच? जास्तीच्या गादीचे किती? मुलांचे वेगळे पैसे लागतात का? मांस हलाल असते का? खात्रीचे उत्तर मिळाले नाही तर शाकाहारी जेवण सांगावे. खोलीत जानमाज अंथरण्यापुरती जागा आहे का, हेही विचारायला संकोच नको.

सांगितलेला दर करासह आहे का, हे विचाराच. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 12 ऐवजी 5 टक्के झाला आहे. बेत रद्द झाला तर किती पैसे परत मिळतील, ते लेखी मागा. मोबाइलवरचा संदेशही चालेल. एमटीडीसीचे पर्यटक निवासही तिथे आहे. दोन-तीन ठिकाणचे दर ताडून पाहा.

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आणि 15 ऑगस्टच्या सुमारास गर्दी उसळते. जमल्यास मधले वार निवडा. घाटात धुके दाटते, तेव्हा उजेडातच वर पोहोचा. आणि खोली पक्की करण्याआधी अम्मीला एकदा विचारा, तिला काय हवे आहे.