आधी नोकरी दाखवा, मग प्रमाणपत्र घ्या!

शिकागो हे नाव कामगार चळवळीतील कार्यकर्त्याला नव्याने सांगावे लागत नाही. आठ तासांच्या दिवसाची मागणी घेऊन १ मे १८८६ रोजी ज्या शहरातील हजारो कामगार रस्त्यावर उतरले, तेच हे शहर. त्याच शहराच्या शिक्षण मंडळाने मे २०१७ मध्ये सार्वजनिक शाळांतील विद्यार्थ्यांवर एक नवी अट लादली. बारावीपर्यंतचा अभ्यासक्रम पूर्ण केला, नेमलेले २४ श्रेयांक मिळविले, तरी तेवढ्यावर शालान्त प्रमाणपत्र मिळावयाचे नाही. पुढे आपण काय करणार, याचा लेखी पुरावा विद्यार्थ्याने हजर केला पाहिजे. महाविद्यालयाचे प्रवेशपत्र, नोकरी मिळाल्याचे किंवा देऊ केल्याचे पत्र, एखाद्या धंद्यातील उमेदवारी, सैन्यभरतीचा दाखला, नाहीतर एखाद्या मान्य उपक्रमातील प्रवेश, यांपैकी काहीतरी हवे. २०२० साली शाळेतून बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून ही अट लागू करण्याचे ठरले. तिचे जनक रहम इमॅन्युएल हे तेव्हाचे महापौर. उदारमतवादी म्हणविणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते आणि अध्यक्ष ओबामांचे एकेकाळचे मुख्य सहायक.

अटीच्या समर्थकांचा युक्तिवाद वरवर पाहता सहानुभूतीचा आहे. सुखवस्तू घरातील मुलाच्या भवितव्याची आखणी त्याचे आईबाप करतातच. गरिबाच्या मुलासाठी ती कोणी करीत नाही, म्हणून शाळेने त्याला ती करावयास लावावी, असे ते म्हणतात. यातील पहिला भाग निर्विवाद खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उफराटा आहे. मुलाला मार्गदर्शन मिळत नसेल, तर ते देण्याचे बंधन शिक्षण मंडळावर घालावयास हवे. प्रत्यक्षात बंधन घातले गेले मुलावर, आणि ते न पाळल्याची शिक्षाही मुलालाच. दर २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा, अशी अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेचीच शिफारस आहे. तेवढे समुपदेशक नेमू न शकल्यास मंडळाचे काय रोखून धरावे, हे मात्र या ठरावाने सांगितले नाही.

या अटीतील दुष्टचक्र तर एखाद्या शाळकरी मुलाच्याही ध्यानात यावे. साधी कारकुनी करावयाची तरी मालक आधी शालान्त प्रमाणपत्र मागतो. येथे शाळा म्हणते, आधी मालकाचे पत्र आण, मग प्रमाणपत्र देऊ! ज्याने चार वर्षे अभ्यास केला त्याची कमाई अशा रीतीने एका तिऱ्हाइताच्या मर्जीवर टांगली जाते. प्रमाणपत्र म्हणजे झालेल्या अध्ययनाची पोच. ती पोच भावी मालकाच्या सहीवाचून द्यावयाची नाही, याचा अर्थ सार्वजनिक शिक्षणाचे मोल ठरविण्याचा अधिकार बाजाराच्या हाती सोपविणे असाच होतो.

यावर उत्तर तयार होते. शिकागोच्या नगर महाविद्यालयांत येथील प्रत्येक शालान्त विद्यार्थ्याला प्रवेश मिळतोच, तेव्हा कोणीही अडणार नाही, असे सांगण्यात आले. पण मागेल त्याला प्रवेशपत्र मिळणारच असेल, तर अट कसली आणि योजना कसली? उरतो तो कागद. आणि प्रवेशपत्राने शुल्क भरले जात नाही. याच महापौरांनी सुरू केलेली शुल्कमाफीची योजना त्या वेळी फक्त सरासरी ‘ब’ श्रेणी मिळविणाऱ्यांसाठी होती. बाकीच्यांनी प्रवेशपत्र खिशात घालून दुकानात हमाली करावी आणि आकडेवारीत ‘महाविद्यालयात दाखल’ म्हणून मोजले जावे!

सैन्यभरतीचा पर्यायही वाटतो तेवढा निरुपद्रवी नाही. श्रीमंताच्या मुलाला तो शेवटचा पर्याय. ज्याला शुल्क परवडत नाही व नोकरी मिळत नाही, त्याला अनेकदा तो एकमेव. २०२२ साली मंडळाच्याच महानिरीक्षकांच्या चौकशीत आढळून आले, की शहरातील काही शाळांत नववीच्या जवळजवळ सर्व मुलांना छात्रसेनेच्या वर्गात परस्पर घालण्यात आले होते. गरिबी हीच जेथे भरती अधिकाऱ्याचे काम करते, तेथे पर्यायाचे स्वातंत्र्य हा शब्द जपून वापरावा हे बरे.

आणि मुलांकडून भविष्याचा हिशेब मागणाऱ्यांचा स्वतःचा हिशेब काय होता? २०१३ साली याच महापौरांच्या मंडळाने एका ठरावासरशी ५० शाळा बंद केल्या. त्यांतील बहुसंख्य शहराच्या दक्षिण व पश्चिम भागातील कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या. ज्या वसंत ऋतूत ही अट आली, त्याच ऋतूत पैशाअभावी शाळा जवळजवळ तीन आठवडे आधीच बंद कराव्या लागतील, असा इशारा मंडळ देत होते. अखेर कर्ज काढून वर्ष पार पडले. ज्यांना २० जूनपर्यंत शाळा चालविण्याची शाश्वती देता येत नव्हती, ते सतरा वर्षांच्या मुलाकडून आयुष्याची शाश्वती मागत होते.

मूळ प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. रोजगार किती निर्माण व्हावा, हे भांडवलाच्या गुंतवणुकीवर आणि शासनाच्या धोरणावर ठरते. विद्यार्थ्याच्या जिद्दीवर नव्हे. दहा जागांसाठी वीस मुले उभी असतील, तर त्या विसांनी कितीही चोख योजना आखल्या तरी दहा जण बाहेरच राहणार. व्यवस्थेच्या या अपयशाला व्यक्तीच्या आळसाचे नाव देणे ही भांडवलशाहीची जुनी हातचलाखी आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा त्यामागचे तत्त्व नेमके उलट होते. काम मागणाऱ्याला काम देणे ही शासनाची जबाबदारी, आणि ते देता आले नाही तर भत्ता देण्याचे दायित्वही शासनाचेच. अंमलबजावणीत उणिवा होत्या. परंतु काम नसल्याचा दोष ग्रामीण मजुराच्या माथी मारण्यात आला नव्हता.

शिकागोत असे ठराव निर्वेध संमत होत, कारण १९९५च्या कायद्याने तेथील शिक्षण मंडळ महापौरांच्या नेमणुकीचे झाले होते. ते मतदारांना उत्तरदायी नव्हते. ही कोंडी आपोआप फुटली नाही. शिक्षक संघटनेने २०१२ व २०१९ साली संप केले. दुसऱ्या संपात केवळ पगाराचा नव्हे, तर प्रत्येक शाळेत परिचारिका व समाजकार्यकर्ता असावा हा आग्रह धरून तो करारात उतरविला. नागरिकांच्या दीर्घ लढ्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंडळाच्या २१ पैकी १० जागांसाठी प्रथमच निवडणूक झाली. विद्यार्थ्याच्या गरजेचे रूपांतर शासनाच्या बंधनात कसे करावयाचे, याचा वस्तुपाठ त्या करारात आहे.

म्हणून कोणत्याही देशात ‘विद्यार्थ्याला जबाबदार बनविण्याची’ भाषा कानी येईल, तेव्हा कार्यकर्त्याने एकच प्रश्न विचारावा: अट पाळली गेली नाही, तर शिक्षा कोणाला? उत्तर ‘मुलाला’ असे असेल, तर ती सुधारणा नव्हे. ती जबाबदारी झटकण्याची पळवाट आहे.