विसात तीन नग खराब निघाले, तर?



बारावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात शेवटी द्विपद वितरणाचा धडा येतो. धडा छोटा, सूत्र एकच, मार्क हमखास. म्हणून आपण तो दोन-तीन तासांत उरकतो. माझं मत असं की हा धडा आपण उलट्या टोकाकडून शिकवतो. सूत्र आधी देतो, आणि ते कुठे चालतं, कुठे चालत नाही, हे सांगायचं राहूनच जातं.

हे माझ्या लक्षात आलं वर्गातल्या एका मुलीमुळे. तिचे वडील तळवड्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंग मशीनवर काम करतात. तपासणीला त्यांच्या मशीनचे ओळीने वीस नग उचलले, तीन खराब निघाले आणि सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. मुलगी म्हणाली, "सर, त्या मशीनवर शंभरात पाच नग नेहमीच जातात. मग विसात एकच खराब निघायला हवा होता ना? म्हणजे चूक पप्पांचीच?"

सूत्र तिला पाठ होतं. उत्तर मात्र सापडत नव्हतं.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. मुलांना 'यादृच्छिक चल' म्हणजे बीजगणितातला 'क्ष' वाटतो. पण 'क्ष'ची किंमत ठरलेली असते, ती फक्त शोधायची असते. इथे तसं नाही. विसातले खराब नग ०, १, २ असे थेट २० पर्यंत कितीही असू शकतात, आणि प्रत्येक संख्येची शक्यता वेगळी असते. 'सरासरी एक' म्हणजे 'दर वेळी एक' नव्हे.

आम्ही फळ्यावर गणित मांडलं. एकही खराब नसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के, एक असण्याची ३८, दोनची १९. तीनसाठी मुलांनी ०.०५ चा घन आणि ०.९५ चा सतरावा घात यांचा गुणाकार केला आणि थांबली. मी विचारलं, "तीन खराब नग विसातल्या कोणत्या जागी?" मग लक्षात आलं, अशा ११४० निवडी आहेत. त्या धरल्या की उत्तर येतं सुमारे ६ टक्के. तीन किंवा त्याहून जास्त खराब निघण्याची शक्यता साडेसात टक्के, म्हणजे साधारण तेरा शिफ्टमध्ये एकदा. महिन्याच्या २६ शिफ्ट धरल्या तर दोनदा. शॉपवर अशा दहा मशिनी असतील, तर निम्म्याहून जास्त दिवशी कुणी ना कुणी केवळ योगायोगाने 'सापडेल'. वर्ग एकदम शांत झाला.

इथेच थांबलो असतो तर धडा अर्धवट राहिला असता. मी चार प्रश्न फळ्यावर लिहिले. नगांची संख्या आधीच ठरलेली आहे का? प्रत्येक नगाचे निकाल दोनच आहेत का, चांगला किंवा खराब? खराब निघण्याची शक्यता प्रत्येक नगाला सारखीच आहे का? आणि एका नगाचा दुसऱ्यावर परिणाम होत नाही ना?

पहिल्या दोन प्रश्नांना सगळ्यांनी 'हो' म्हटलं. शेवटच्या दोनवर ती मुलगी अडखळली. म्हणाली, "सर, घरी विचारून सांगते."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तिन्ही खराब नग शेवटचे, एकामागोमाग. ड्रिल बोथट झालं होतं. म्हणजे शेवटी शेवटी खराब निघण्याची शक्यता पाच टक्के उरलीच नव्हती, द्विपदाची अट मोडली होती. आमचा साडेसात टक्क्यांचा आकडा गणित म्हणून बरोबर, पण या प्रसंगाला लागू नव्हता. दोष योगायोगाचा नव्हता, आणि माणसाच्या निष्काळजीपणाचाही म्हणता येत नव्हता. बघायला हवं होतं ते ड्रिल, आणि ते कधी बदलायचं याचा नियम. नुसतं सूत्र घातलं असतं, तर खोटा दिलासा मिळाला असता.

म्हणून शिक्षकांना विनंती. या धड्यात निदान चार उदाहरणं अशी द्या, ज्यांचं उत्तर 'हे द्विपद नाही' असं येईल. दहा नगांच्या डब्यात दोन खराब आहेत आणि एक काढून परत न टाकता दुसरा काढला, तर शक्यता बदलते. तो द्विपद नाही. दहा हजारांच्या लॉटमधून वीस काढले, तर फरक इतका किरकोळ की द्विपद चालतो. हा फरक मुलांनाच शोधू द्या. परीक्षेत मार्क कमी होणार नाहीत, उलट शाब्दिक गणितं सुटतील.

पालकांनाही एक सांगायचं आहे. चार पर्यायांचे दहा प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडवले, तरी चार किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता २२ टक्के असते, आणि एकही बरोबर न येण्याची जवळपास ६ टक्के. एका छोट्या चाचणीवरून मुलाला हुशार किंवा ढ ठरवू नका. चार-सहा चाचण्या बघा. आणि मार्क एकदम घसरले, तर ओरडण्याआधी विचारा, चुका कुठे झाल्या? सगळ्या शेवटी, सलग आहेत का? वेळ कमी पडला असेल, झोप झाली नसेल. त्या मुलीच्या वडिलांना तपासणीच्या वेळी कुणी एवढंच विचारलं असतं, तरी पुरे होतं.