करंटचा चिमटा : नवा की वापरलेला?

‘डॉक्टर, करंटने ऑपरेशन करणार म्हणे. पेशंटला शॉक तर नाही ना बसणार?’ नातेवाईकांचा हा नेहमीचा प्रश्न. घरातील विजेची सेकंदाला ५० आवर्तने होतात, तर शस्त्रक्रियेच्या यंत्रातील विजेची काही लाख. इतक्या वेगवान विजेला आपले मज्जातंतू व स्नायू दाद देत नाहीत. त्यामुळे शॉक बसत नाही. उष्णता तेवढी निर्माण होते. हे तंत्र नवेही नाही. १९२६ साली अमेरिकेत बोस्टन येथे मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वे कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरले आणि पुढे ते जगभर रूढ झाले.

साध्या यंत्रात वीज शस्त्राच्या टोकातून शिरते आणि रुग्णाच्या मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून परत जाते. ही प्लेट नीट चिकटली नाही, तर तेथे भाजते. चिमट्याच्या प्रकारात वीज त्याच्या दोन पात्यांमध्येच फिरते. प्लेटची गरज नसते. अलीकडचे चिमटे त्याहून पुढे गेले आहेत. ते रक्तवाहिनी घट्ट दाबून धरतात, उष्णतेने तिच्या भिंती एकजीव होतात आणि मधून पाते फिरून ती कापली जाते. सात मिलिमीटर जाडीपर्यंतची रक्तवाहिनी अशी बंद करता येते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत खोलवर दोऱ्याची गाठ मारणे किती अवघड असते, हे आम्हा सर्जनना विचारा! तेथे हा चिमटा वरदान आहे.

मात्र या चिमट्यांपैकी बरेचसे एकदाच वापरून टाकून देण्यासाठी बनवलेले असतात. वेष्टनावर वर्तुळात २ चा आकडा व त्यावर तिरपी रेघ असते, तिचा अर्थ ‘दुसऱ्यांदा वापरू नये’ असा. किंमत हजारांच्या घरात. म्हणून आपल्या देशात अनेक ठिकाणी ते धुऊन, वायूने निर्जंतुक करून पुन्हा वापरले जातात. त्यामागे पुष्कळदा रुग्णाचा खर्च वाचवण्याचाच हेतू असतो, हे मी नाकारत नाही. पण चिमट्याच्या अरुंद सांध्यात रक्त व जळलेला अंश अडकून राहिला, तर निर्जंतुकीकरण अपुरे पडते. पाती झिजली, तर रक्तवाहिनी कच्ची बंद होते. मग टेबलावर सारे ठीक दिसते आणि रुग्ण वॉर्डात गेल्यावर आत रक्तस्राव सुरू होतो.

माझे म्हणणे एवढेच, की हा निर्णय रुग्णाच्या पाठीमागे होऊ नये. चिमटा पुन्हा वापरायचा असेल, तर तसे आधी सांगावे. तो कितव्यांदा वापरला जात आहे याची नोंद ठेवावी व दर वेळी तपासणी करावी. आणि वापरलेल्या चिमट्याची पूर्ण किंमत प्रत्येकाच्या बिलात लावू नये. जुना चिमटा आणि नवी किंमत, याला काटकसर म्हणत नाहीत. हे जमत नसेल, तर पुन्हा वापरण्यासाठीच बनवलेले, वाफेने निर्जंतुक करता येणारे धातूचे चिमटे मिळतात. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत तर दोऱ्याची पक्की गाठ आजही तितकीच भरवशाची आहे. महागडे यंत्र नाही म्हणून ऑपरेशन कमी प्रतीचे, असे मुळीच नाही.

वाचकांनीही थोडी चौकसपणाची सवय लावून घ्यावी. हृदयात पेसमेकर असेल, तर ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगावे. अंगठी, बांगड्या, जोडवी काढून ठेवावीत. बिलात चिमट्याची रक्कम असेल, तर तो नवा होता का, हे विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. ज्याच्या पोटात तो चिमटा जाणार, त्याला हे कळायलाच हवे.