पाणी ओसरले, गाळ उरला

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उल्हास, वालधुनीच्या काठावरील बदलापूर, उल्हासनगर, कल्याणच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, तेव्हाही हाच भाग जलमय झाला होता. पाणी ओसरले की पुराची चर्चा थांबते. घरातल्या माणसांचे कष्ट मात्र तेव्हा सुरू होतात. गाळ उपसायचा असतो, आणि दुसऱ्या दिवशीची लोकल गाठायची म्हणून तो एका दिवसात उपसायचा असतो.

हे काम दिसते तितके साधे नाही. अमेरिकेत अंगणातला बर्फ फावड्याने उपसताना झालेल्या दुखापतींचा १९९० ते २००६ या काळात अभ्यास झाला. वर्षाला सरासरी साडेअकरा हजार लोकांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जावे लागले. सर्वाधिक दुखापती कमरेच्या होत्या, तर मृत्यू हृदयविकाराने झालेले होते. आपल्याकडे बर्फ नाही, पण ओला गाळ बर्फापेक्षा कितीतरी जड. दहा लिटरचे घमेले गाळाने काठोकाठ भरले, तर त्याचे वजन सहज पंधरा किलोंच्या वर जाते. अशी पन्नास घमेली उचलणाऱ्याचा रोजचा व्यायाम मात्र अनेकदा स्टेशनचा जिना चढण्यापुरताच असतो.

म्हणून घमेले अर्धेच भरावे. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे, वजन अंगाजवळ धरावे आणि वळताना कंबर न पिळता पाऊल वळवावे. श्वास रोखून जोर लावू नये. त्याने रक्तदाब एकदम चढतो. शक्य असेल तिथे गाळ उचलण्याऐवजी वायपरने किंवा फावड्याने ढकलावा. पाणी उतरत असताना, गाळ पातळ असतानाच तो बाहेर लोटला तर निम्मे काम वाचते. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबावे, पाणी प्यावे. हृदयविकार, रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असणाऱ्यांनी फावड्याला हात लावू नये. छातीत दाब, डाव्या हातात कळ, घाम किंवा दम लागला, तर ‘एवढे झाले की बसतो’ म्हणू नये.

घरात शिरण्याआधी वीज बंद असल्याची खात्री हवी. मेन स्विच पाण्यात असेल तर त्याला हात न लावता महावितरणला कळवावे. भिजलेली उपकरणे वायरमनने तपासल्याशिवाय सुरू करू नयेत. फरशी धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद खोलीत तो जिवावर बेतू शकतो.

गाळात काचा, खिळे असतात, तसेच उंदरांच्या मूत्रातून आलेले लेप्टोस्पायरोसिसचे जंतूही. पायाच्या बारीक चिरेतूनही ते शरीरात शिरतात. गमबूट, हातमोजे हवेतच. जखम झाली तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. पाण्यात, गाळात वावरलेल्यांनी ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषध विचारावे. मनाने गोळी घेऊ नये. गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांसाठी औषध वेगळे असते. पुढचा महिनाभर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर ‘गाळात काम केले होते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान लवकर होऊ शकते.

मात्र सारी जबाबदारी घरातल्या माणसावर टाकून चालणार नाही. कोणत्या चाळींत पाणी शिरते, हे महापालिका आणि नगरपालिकांना ठाऊक असते. तिथे पावसाळ्याआधीच गमबूट, हातमोजे, फावडी ठेवता येतील, गाळ उचलण्याची गाडी आणि आरोग्य पथक दुसऱ्याच दिवशी पाठवता येईल. पूरग्रस्त कर्मचाऱ्याला कंपन्यांनी दोन दिवसांची रजा दिली, तर गाळ उपसण्याची घाई टळेल. घर दोन दिवस उशिरा स्वच्छ झाले तरी बिघडत नाही. ते स्वच्छ करणारा माणूस अंथरुणाला खिळला, तर मात्र सारे घरच कोलमडते.