तापलेल्या मॅग्नेटोचे प्रामाण्य

रॉबर्ट पिर्सिग यांच्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स' (१९७४) या पुस्तकावर साहित्याचे अभ्यासक बोलू लागले की त्यातली मोटारसायकल बहुधा रूपक म्हणूनच उरते. पिर्सिग यांनी मात्र यंत्राची रीतसर फोड करून दाखवली होती. त्यांची होंडा बॅटरी आणि कॉइल यांच्या जोरावर ठिणगी पाडणारी होती. आम्हांला येथे बोलायचे आहे ते तिच्या आधीच्या पिढीबद्दल: बीएसए एम-२०, नॉर्टन १६-एच, मॅचलेस जी-३-एल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी हजारोंनी बनलेल्या या गाड्यांपैकी काही भारतातही राहिल्या. आम्हां दोघांपैकी एकाकडे वडिलांनी घेतलेली एम-२० आहे, आणि या विषयातला आमचा रस तेथूनच सुरू होतो. या गाड्यांना ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो आणि स्वतःच ती प्लगपर्यंत पोचवतो.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत एक वाक्य वारंवार ऐकू येते: मॅग्नेटो भरवशाचा नसतो. हे वाक्य आता इतके रूढ झाले आहे की अनेकजण मॅग्नेटोचे जुने कवच तेवढे ठेवून आतला ऐवज काढून टाकतात आणि तेथे इलेक्ट्रॉनिक जुळणी बसवतात. आमच्या मते हा मॅग्नेटोवर अन्याय आहे. त्याच्या वाट्याला आलेली अपकीर्ती बव्हंशी चुकीच्या परीक्षापद्धतीची आहे.

या यंत्राची रचना थोडक्यात सांगायला हवी. नालाकृती चुंबकाच्या ध्रुवांमध्ये एक आर्मेचर फिरते. त्याच्या लोखंडी गाभ्यावर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यांवर केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट उघडतात त्या क्षणी जाड तारेतला प्रवाह तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. पॉइंटमधले अंतर ल्युकासच्या मॅग्नेटोत इंचाचे बारा हजारांश, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर. पॉइंटवरची ठिणगी शमवून प्रवाह झटकन तोडणारा कंडेन्सर आर्मेचरच्या आतच बसवलेला असतो. तो बदलायचा तर आर्मेचर खोलावे लागते. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, आणि १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच ब्रिटनच्या ध्यानात आले की आपली इंजिने जर्मन मॅग्नेटोंवर चालत आली आहेत. बर्मिंगहॅमच्या ल्युकासचे नाव या क्षेत्रात मोठे झाले ते त्यानंतर. (आपल्याकडची चेतक आणि लूनाही फ्लायव्हील मॅग्नेटोवरच चालत असे, तिच्यात चुंबक फिरे आणि वेटोळे स्थिर राही. बॅटरी मेलेली असतानाही स्कूटर सुरू करून कामावर गेलेल्या कैक माणसांनी मॅग्नेटोवर भरवसा टाकला होता, नाव ठाऊक नसतानाही.)

आता परीक्षेकडे. गॅरेजमध्ये जी परीक्षा होते तिला 'करंट बघणे' म्हणतात. प्लग काढायचा, हेडला टेकवायचा, किक मारायची. निळी ठिणगी दिसली की मॅग्नेटो उत्तीर्ण. या परीक्षेत दोन दोष आहेत. पहिला असा की प्लगच्या फटीतून मोकळ्या हवेत उडी मारायला जेवढा दाब लागतो त्याच्या काही पट दाब सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेत लागतो. म्हणून जाणकार मिस्त्री प्लगवर विसंबत नाही. तो पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवून ठिणगी पाहतो. मात्र फट अमर्याद वाढवून किंवा वायर मोकळी लोंबकळत ठेवून मॅग्नेटो फिरवायचा नसतो. बाहेर वाट मिळाली नाही तर तो दाब आतल्याच अवरोधकाला भोक पाडून बाहेर पडतो, आणि परीक्षेनेच परीक्षार्थी दगावतो.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे, आणि आमचा सारा आक्षेप त्याच्याशी आहे. ही परीक्षा थंड यंत्राची असते.

जुन्या मॅग्नेटोचा सर्वांत परिचित आजार असा: सकाळी गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, तासभर उत्तम चालते, चहासाठी थांबवली की मग काही केल्या उठत नाही. निवली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. कारण कंडेन्सरचे जुने अवरोधक तापल्यावर गळू लागते. चालत्या गाडीत हे कळत नाही, कारण वेग वाढला की मॅग्नेटोची ताकदही वाढते आणि गळती झाकली जाते. किक मारताना मात्र इंजिन सावकाश फिरते, आणि मॅग्नेटो त्याच्याही निम्म्या वेगाने. म्हणजे तो सर्वांत दुबळा असतो नेमक्या त्या क्षणी त्याच्याकडून सर्वाधिक मागणी होते. एम-२० मध्ये तर तो सिलिंडरच्या मागेच, गरम वाऱ्यात बसलेला.

वेटोळ्यांची गोष्टही अशीच. बारीक तारांचे वेढे शेलॅकने, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेने, जखडलेले असत. जगभरच्या विद्युतयंत्रांना ही लाख मुख्यत्वे हिंदुस्थानातून जाई. लाख उष्णतेने पातळ होते हे आपल्याला लाक्षागृहाच्या कथेपासून ठाऊक आहे. हलक्या प्रतीची किंवा नीट न भाजलेली लाख असली तर ती तापल्यावर मऊ होते, फिरत्या आर्मेचरवरून बाहेर फेकली जाते आणि निवल्यावर आर्मेचरच जागी चिकटवून टाकते. थंड टेबलावरच्या ठिणगीला यातले काहीच दिसत नाही.

ज्ञानाच्या प्रामाण्याबद्दलचा मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद आमच्या वाचकांना परिचित आहे. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःप्रमाण असते. बाधक पुढे येईपर्यंत ते खरेच मानायचे. नैयायिक प्रामाण्य बाहेरून ठरवतात: दूर पाणी दिसले, जवळ गेलो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान यथार्थ होते. रस्त्यावरचा प्रत्येक मोटारसायकलस्वार मीमांसक असतो आणि त्याला तसे असावेच लागते. दर वळणावर ठिणगीबद्दल शंका घेत घाट चढता येत नाही. आमची तक्रार आहे ती गॅरेजमधल्या मीमांसकाबद्दल. तेथे नैयायिकच हवा, आणि त्याने तहान भागेपर्यंत थांबायला हवे. 'या कारागिराने गुंडाळलेले दहा मॅग्नेटो चालले' हे आप्तवाक्य अकराव्यासाठी पुरत नाही. (प्रबंधाच्या मौखिकीत थंड ठिणगीवर उत्तीर्ण होणारे सिद्धान्त आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. असो.)

वैमानिकांनी ही शिस्त कधीच सोडलेली नाही. लहान पिस्टन-इंजिनांच्या बहुतेक विमानांत आजही दोन मॅग्नेटो असतात. उड्डाणापूर्वी इंजिन गरम करून, वेग वाढवून, एकेक मॅग्नेटो बंद करून फेरे किती घटतात हे पाहतात. फेरे फार घटले तर दोष आहेच. पण मुळीच घटले नाहीत तरी वैमानिक सावध होतो. मॅग्नेटो बंद करायचा म्हणजे त्याची जाड तार जमिनीला जोडायची. ती जोडणी तुटली असेल तर तो बंद होतच नाही, आणि उभ्या विमानाचा पंखा हाताने फिरवणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

इलेक्ट्रॉनिक जुळणीला आमचा सरसकट विरोध नाही. चुंबक क्षीण झाला असेल तर तो पुन्हा भारता येतो, वेटोळे नव्याने गुंडाळता येते, पॉइंटच्या बाजूला आधुनिक कंडेन्सरही बसवता येतो. यांतले काहीच शक्य नसेल तर खुशाल बदलावे. पण निदान न करता अवयव काढणे आम्हांला मान्य नाही. त्याने आणखी एक घडते: आर्मेचर गुंडाळणाऱ्या हातांना काम उरत नाही, आणि ते हात एकदा गेले की पुढच्या मालकाला निवडच राहत नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्याने म्हणून थंड ठिणगी पाहून पैसे मोजू नयेत. गाडी अर्धा-पाऊण तास चालवावी, बंद करावी, इंजिनची धग मॅग्नेटोत मुरेपर्यंत दहा मिनिटे थांबावे, मग अॅडव्हान्सचा दांडा थोडा मागे घेऊन किक मारावी. विकणारा त्या दहा मिनिटांत 'थोडी निवू द्या' म्हणू लागला, तर किंमत मॅग्नेटो नव्याने बांधण्याचा खर्च वजा करून ठरवावी.